खालचे तीन परिच्छेद

संपादकीय पान दुपारी साडेतीनला सुटायचे. वृत्तपत्राची खरी गडबड त्यानंतर सुरू होते, त्यामुळे आमचे पान गेले की बातमीच्या डेस्कवरचे सहकारी म्हणायचे, ‘हिची शाळा सुटली.’ वाचकांच्या पत्रांचे सदर याच पानावर, उजवीकडच्या दोन स्तंभांत असे. नोकरीची शेवटची अकरा वर्षे ते माझ्याकडे होते. त्याआधीची बावीस वर्षे मी बातम्या संपादित केल्या. ज्या चुकीबद्दल हा लेख आहे, ती त्या बावीस वर्षांत लागलेल्या सवयीतून झाली.

आधी कामाबद्दल. पत्रांचे सदर सांभाळणे म्हणजे शुद्धलेखन तपासणे, असा समज आहे. ते काम थोड्या वेळाचे. उरलेला वेळ पत्रात युक्तिवाद आहे की नाही हे शोधण्यात जातो. लिहिणाऱ्याला काहीतरी पटवून द्यायचे असते. त्यासाठी एक विधान लागते, त्याला आधार लागतो, ‘कारण’, ‘म्हणून’, ‘तरीही’ अशा शब्दांनी ते दोन्ही बांधावे लागतात, आणि समोरच्याचे म्हणणे आपल्याला ठाऊक आहे हे दिसावे लागते. पेडणे, डिचोली, सत्तरी या गोव्याच्या तालुक्यांतून येणाऱ्या पत्रांत राग भरपूर असे. बांधणी क्वचित सापडे.

मोरजीचे एक गृहस्थ महिन्याला दोन पत्रे पाठवत. किनाऱ्याजवळ त्यांच्या भाड्याच्या खोल्या होत्या. कासवांच्या विणीच्या दिवसांत दिव्यांवर आणि संगीतावर बंधने येत, आणि यांचे पत्र पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत प्रश्नांचे बनलेले असे. कासवांना मत असते का? पर्यटकांनी अंधारात जेवायचे का? आम्ही जगायचे की नाही? एकदा मी फोन केला.

“यातल्या एका तरी प्रश्नाचं उत्तर द्या की.”

“उत्तर तुम्ही छापा, मॅडम. प्रश्न माझे.”

“वाचक म्हणेल, जगा की. कोण नको म्हणतंय?”

 ते म्हणाले, “असं म्हणेल तो? मग तो मोरजीचा नसणार.” पुढच्या पत्रात एकच प्रश्न होता, आणि त्याखाली दिवे कोणत्या बाजूने झाकता येतील याची माहिती. ते पत्र मी एक शब्दही न कापता छापले.

वाळपईचे एक निवृत्त कारकून घरासमोरच्या गटारावर लिहीत. ‘सदर गटाराची दुरुस्ती करण्यात आलेली नसल्याचे निदर्शनास आणून देण्यात येत आहे.’ दुरुस्ती कोणी केली नाही, कोणाच्या निदर्शनास आणायचे, कोण आणतो, तिन्ही माणसे वाक्यातून गायब. कर्ता घाला, असे मी त्यांना सांगितले. ते म्हणाले, “नाव घातलं तर तो उद्या बाजारात भेटतो, बाय. नुसता भेटत नाही, माझ्याच बाजूला उभा राहून मासळी निवडतो.” शहरातल्या लेखनाच्या वर्गात कर्मणी प्रयोगाला पळवाट म्हणतात. आमच्याकडे तो शेजारधर्मही असतो. त्यानंतर मी त्या प्रयोगावर पूर्वीइतकी चिडले नाही. त्याचा उपयोग मला स्वतःला पुढे करावा लागला, तो भाग येईलच.

पुरसो गावस यांचे पहिले पत्र माझ्या निवृत्तीच्या वर्षी आले. नाव बदलले आहे. वाड्याचे, म्हणजे त्यांच्या वस्तीचे, नाव देत नाही. तो सुर्ल्याच्या बाजूला आहे एवढे पुरे. खनिजाची वाहतूक बरीच वर्षे बंद होती, ती पुन्हा सुरू होण्याच्या हालचाली चालल्या होत्या, आणि वाड्यामागच्या डोंगरावरच्या खाणीसाठी जनसुनावणी ठरली होती. जनसुनावणी म्हणजे परवानगीपूर्वी सरकारी अधिकारी लोकांसमोर बसतात, कंपनी आपला प्रकल्प सांगते, लोक आपले म्हणणे मांडतात आणि त्याची नोंद होते. डोंगराच्या पायथ्याशी एक झर आहे. वाड्याची कुळागरे, म्हणजे पोफळीच्या बागा, तिच्या पाण्यावर उभ्या आहेत. खाण खोल गेली तर झर आटेल, असे वाड्याचे म्हणणे.

पहिल्या पत्रात हे म्हणणे शोधावे लागत होते. पहिल्याच वाक्यात ‘राक्षसी’, ‘विनाशकारी’, ‘लोभी’, ‘काळीकुट्ट’ ही विशेषणे होती आणि नाम शेवटी आले होते. पुढे ‘आपण’ आणि ‘आम्ही’ यांची सरमिसळ. आपली भाषा या दोहोंत फरक करते. ‘आपण’ म्हटले की वाचकही त्यात येतो. ‘आम्ही’ म्हटले की तो बाहेर राहतो. झर गमावणार आम्ही, पण पाणी राखायचे आपण सर्वांनी, असा क्रम असेल तर वाचक हळूहळू आत येतो. हे मी पत्रासोबत परत पाठवलेल्या चिठ्ठीत लिहिले. आणखी लिहिले की विशेषणे काढा, माहिती घाला. आणि कंपनीच्या बाजूने जे खरे आहे ते आधी, स्वतःहून, मान्य करा. जो माणूस विरोधकाची खरी गोष्ट नाकारत नाही, त्याच्या स्वतःच्या गोष्टीवर विश्वास बसतो. हा सल्ला मी अकरा वर्षे देत आले होते. कोणी फारसा मानत नसे.

पुरसोंनी मानला. दुसरे पत्र आठवड्याने आले, निळ्या शाईत, दोन पाने, सात परिच्छेद. पहिल्या चारांत मान्य करणे होते. ते खाणीच्या वजनकाट्यावर नऊ वर्षे नोकरीला होते. पगार वेळेवर झाला. मुलीचे नर्सिंगचे शिक्षण त्यातून झाले. पावसात रस्ता खचला तेव्हा कंपनीचे यंत्र आले, पंचायतीचे आले नाही. चार परिच्छेद जास्त होते, मी असते तर दोनांत आवरले असते. पण नऊ वर्षे काट्यावर बसलेला माणूस वजन पुरते टाकतो. पाचवा परिच्छेद ‘तरीही’ने सुरू होत होता. दरवर्षी शिगमो, म्हणजे आमच्याकडचा होळीचा सण, संपल्यावरच्या आठवड्यात पुरसो झरीच्या पन्हळीखाली कळशी लावत आणि ती भरायला किती वेळ लागला हे मनगटावरच्या घड्याळावर पाहून वहीत लिहून ठेवत. खाण चालू असताना वेळ वर्षागणिक वाढत गेला होता. खाण बंद पडल्यावर तो उतरला. शेवटचा परिच्छेद चार ओळींचा: झरीच्या बाजूची हद्द खणण्यातून वगळावी, आणि वगळल्याचे परवानगीत लिहावे. मागणी एक, कोणी करायची ते स्पष्ट.

मी पत्रावर आवक शिक्का मारला, तारीख घातली आणि समासात पेन्सिलीने लिहिले, ‘पूर्ण घ्यावे.’ सुनावणी मंगळवारी होती. पत्र त्याआधीच्या सोमवारी, म्हणजे आठ दिवस अगोदर छापायचे ठरवले.

पान लागले त्या दुपारी संपादक बाहेरगावी होते आणि अग्रलेखाचा दुसरा भाग माझ्याकडे होता. तीन वाजता पान लावणारा दिनेश दारात आला.

“बाय, श्रद्धांजलीची जाहिरात आयली. पत्रांच्याच स्तंभात घाला म्हणतात. अकरा सेंटिमीटर.”

“मोठं पत्र कुठलं आहे?”

“सुर्ल्याकडचां. खंयसून कापूं?”

“खालून काप,” मी म्हणाले.

बातमीच्या डेस्कवर हा शब्द दिवसातून तीसदा उच्चारला जातो. बातमी लिहिण्याची रीतच अशी की महत्त्वाचे वर, कमी महत्त्वाचे खाली. जागा कमी पडली की न वाचता खालून कापता येते. बातमी मरत नाही. युक्तिवाद उलट बांधलेला असतो. त्यात वर मान्य केलेले असते आणि खाली मागितलेले. हे मला माहीत होते. चार दिवसांपूर्वी मी ते पत्र वाचले होते. तरी तोंडातून जुना शब्द गेला.

दिनेशने तीन परिच्छेद काढले. मथळा एका ओळीत बसवायला हवा होता, तो त्याने उरलेल्या मजकुरातून घेतला: ‘खाणीमुळे गाव उभा राहिला.’ प्रूफ माझ्यासमोर आले तेव्हा मी अग्रलेख वाचला. पत्रांवर नजर टाकली, ओळी तुटलेल्या नाहीत एवढे पाहिले आणि सही केली.

सोमवारी सकाळी साडेनऊला फोन आला.

“बाय, आजचा पेपर वाचलात?”

“अजून नाही. कोण बोलतंय?”

“पुरसो गावस. माझं पत्र आलंय. म्हणजे अर्धं आलंय.”

मी पान उघडले. पत्र खचलेल्या रस्त्यापाशीच संपत होते. मग त्यांनी सांगितले, रागाने नाही, क्रमाने. सकाळी सातला दोन ट्रकमालक पेढ्यांचा पुडा घेऊन अंगणात आले. ‘पुरसोबाब, शेवटी तुका कळलां,’ असे म्हणाले, तेही मोठ्याने. शेजारी बघत होते. पुरसोंनी पुडा घेतला नाही, म्हणून त्यांनी तो अंगणाच्या दगडी गडग्यावर ठेवला आणि गेले. आठपर्यंत पानाचा फोटो वाड्याच्या व्हॉट्सअॅप गटावर होता.

“सुनावणीत वाड्याच्या वतीनं मी बोलायचं ठरलंय. सगळ्यांच्या सह्यांचा कागद माझ्याकडे आहे,” ते म्हणाले. “तो आता परत मागतायत.”

“मी उद्याच दुरुस्ती घेते.”

“दुरुस्ती नको. खालचे तीन परिच्छेद घ्या.”

संपादक मंगळवारी आले. मी सगळे सांगितले. त्यांनी ऐकून घेतले, माझ्यावर आवाज चढवला नाही. सुनावणी होईपर्यंत त्या विषयावर कोणाचेही पत्र छापायचे नाही, असा निर्णय वरून आदल्या दिवशीच झाला होता. एका बाजूचे तीन परिच्छेद छापले तर दुसऱ्या बाजूला जागा द्यावी लागेल. खुलासा घेता येईल, दोन ओळींचा. तो मीच लिहिला. ‘सोमवारच्या अंकात प्रसिद्ध झालेल्या पत्राचा अखेरचा भाग जागेअभावी वगळला गेला. त्यामुळे झालेल्या गैरसमजाबद्दल दिलगीर आहोत.’ वगळला गेला. कोणी वगळला हे त्यात नव्हते, आणि वगळलेल्या भागात काय होते हेही नव्हते. लिहिताना दोन्ही गोष्टी माझ्या लक्षात आल्या होत्या. खुलासा गुरुवारी आला, पान सातवर, पाणीपुरवठ्याच्या निवेदनाखाली.

ते चार दिवस फोन वाजला की हात आधी थबकत असे. पत्रे उघडावीशी वाटत नव्हती. प्रत्येक पत्राचा शेवट आधी वाचायची सवय त्या आठवड्यात लागली ती सुटली नाही. मोजत राहिले की किती लोकांनी सोमवारचे पान वाचले असेल आणि त्यातल्या कितींनी गुरुवारचे. असा हिशेब कोणालाच करता येत नाही, तरी तो होत राहतो.

शुक्रवारी पुरसो कार्यालयात आले. पन्नाशी ओलांडलेला, सडपातळ, इस्त्रीच्या शर्टातला माणूस. बसा म्हटल्यावर बसले.

“खुलासा कोणी वाचला नाही, बाय. एकानं वाचला. तो म्हणाला, आता घाबरून फिरवतोय.”

“मी काय करू शकते?”

“माझं मूळ पत्र तुमच्याकडे असणार. त्यावर शिक्का आहे, तारीख आहे. सगळं एकदमच लिहिलेलं होतं हे त्यांना दिसेल. रविवारी चार वाजता देवळाच्या मंडपात वाडा बसतोय. कागद कोणाकडे राहणार ते ठरवायला.”

मूळ पत्रे कार्यालयाबाहेर जात नाहीत. वाद झाला तर तोच पुरावा असतो, म्हणून वर्षभर ती फाइलमध्ये राहतात. संपादकांना विचारले असते तर नकार आला असता आणि तो बरोबर असता. मी विचारले नाही. शनिवारी पत्र पिशवीत घातले आणि रविवारी पेडण्याच्या माझ्या घरून दोन बस बदलून डिचोलीला उतरले. पुरसो स्कूटर घेऊन आले होते.

त्यांच्या घरी आधी चहा झाला. त्यांच्या बायकोने कप पुढे ठेवला आणि म्हणाली, “चाय पुरी घ्या हां, मॅडम. तुम्हाला खालचं ठेवून द्यायची सवय असेल.”

“गो, गप रव मगे,” पुरसो म्हणाले.

“गप कित्याक? आठ दिवस मी विहिरीवर गेल्यार बायलो उठून वतात. मॅडमकडे दोन शब्द बोलले तर काय जातं?”

मी चहा संपवला. तळाची साखरही.

मंडपात तीस-पस्तीस माणसे होती. मी उभी राहून सांगितले की पत्र मी कापले, पुरसोंनी नाही, आणि सगळे पत्र वाचून दाखवले. आवक शिक्का ज्यांना बघायचा होता त्यांनी बघितला. समासातले ‘पूर्ण घ्यावे’ही बघितले. एकाने विचारले, “हें तुमचां अक्षर?” मी हो म्हटले. तो हसला, आणि ते हसणे मी आजवर विसरलेले नाही.

“चूक तुमची, तर तसं पेपरात छापा,” सर्वेश नावाचा तरुण म्हणाला. तो पंचायतीच्या निवडणुकीत पडला होता आणि भाषण बरे करतो असे त्याच्याबद्दल सांगितले गेले.

“सुनावणीपर्यंत छापता येणार नाही.”

“मगे तुम्ही आयलात कित्याक?”

 तेव्हा खांबाला टेकून बसलेल्या मथुराकाकी बोलल्या. वाड्यातल्या सगळ्यांत वयस्क बाई, झरीच्या अगदी खाली घर.

“तें ऱ्हांव दी. पुरसो, पयले चार परिच्छेद तूच बरयले मरे?”

“व्हय, काकी.”

“तें खरें काय फट?”

“खरें.”

“वकील कोर्टात उभो ऱ्हावन आपल्याच विरोधात उलयता? तांची बाजू तांका उलोवंक तोंड ना?”

हशा पिकला. पुरसोंनी तो संपू दिला. मग म्हणाले, “काकी, नऊ वर्सां मी त्या काट्यावर होतो. तिथले सगळे मला ओळखतात. मी सांगितलं नाही तर ते सांगतील, ह्यानं आमचा पगार खाल्ला. मग वही कोण ऐकणार? ते आधी मीच सांगून मोकळा होतो.”

“हें तुका कोणे शिकयलां?”

पुरसोंनी माझ्याकडे पाहिले नाही. “कोणी नाही,” ते म्हणाले. “माझं डोकं.”

अर्ध्या तासाने निर्णय झाला. पुरसोने कंपनीकडून पैसे घेतले असे कोणी म्हणायचे नाही. पण वाड्याच्या वतीने बोलायचे असेल तर पहिला भाग गाळायचा, थेट ‘तरीही’पासून सुरू करायचे. पुरसोंनी नकार दिला. सह्यांचा कागद त्यांनी खिशातून काढला, घडी सरळ केली आणि सर्वेशच्या हातात दिला. मला बसथांब्यावर सोडताना ते एवढेच म्हणाले, “आता आम्ही म्हणता येणार नाही. सगळीकडे मी करावं लागेल. पुन्हा लिहायला बसतो.”

त्या परतीच्या प्रवासात मी अकरा वर्षांतल्या चिठ्ठ्या आठवत होते. समोरच्याचे खरे आधी मान्य करा, हे वाक्य मी किती जणांना लिहिले असेल. ते टेबलावर बसून लिहिले होते. ज्याला ते अमलात आणायचे होते त्याच्या बायकोशी विहिरीवर कोणी बोलत नव्हते.

मंगळवारी सुनावणीसाठी मी रजा काढली. बातमीदार पाठवलेला होता. मी मागच्या रांगेत बसले. मंडप भरलेला, पंखे अपुरे. ट्रकमालक एका बाजूला, कंपनीचे कामगार त्यांच्या मागे, वाडा दुसऱ्या बाजूला. पुरसो वाड्याच्या बाजूलाच बसले होते, पण त्यांच्या दोन्ही हातांकडच्या खुर्च्या रिकाम्या होत्या. मांडीवर वही होती.

सर्वेशला आधी बोलावले. तो सहा मिनिटे बोलला. आवाज चांगला होता. पहिल्या पत्रातली सगळी विशेषणे त्याच्या भाषणात होती, आणि प्रश्न होते, आणि टाळ्या झाल्या. नोंद घेणाऱ्या कर्मचाऱ्याने विचारले, “नेमकी हरकत काय लिहू?” सर्वेश म्हणाला, “तीव्र विरोध.” कर्मचाऱ्याने एक ओळ लिहिली आणि पुढचे नाव घेतले.

पुरसोंचे नाव पाचवे होते.

“कोणाच्या वतीने?” अधिकाऱ्यांनी विचारले.

“माझ्याच.”

त्यांनी वजनकाट्यापासून सुरुवात केली. पगार, मुलीचे शिक्षण, खचलेला रस्ता. ट्रकमालकांनी टाळ्या वाजवल्या. वाड्याच्या बाजूने कोणीतरी ‘बस रे’ म्हणाले. पुरसोंचा आवाज त्याने चढला नाही की उतरला नाही.  लिहिलेले वाक्य छापण्याआधी बदलता येते. बोललेल्या वाक्याचे तसे नाही, आणि पुरसो ‘तरीही’पर्यंत पोहोचण्याआधी कोणीतरी त्यांना खाली बसवील असे सारखे वाटत होते. कोणी बसवले नाही. ‘तरीही’ आले, आणि टाळ्या थांबल्या. त्यांनी वही उघडली आणि एकेका वर्षाचा वेळ वाचला, मिनिटे आणि सेकंद. मग मागणी, एकाच वाक्यात.

कंपनीचे सल्लागार उठले. ते सभ्यपणे बोलले. “गावसांनी कंपनीबद्दल जे सांगितले त्याबद्दल आम्ही आभारी आहोत. पण ही एक खाजगी वही आहे. मोजमाप करताना दुसरे कोणी हजर नव्हते. हा पुरावा म्हणता येणार नाही.”

“दुसरे कोणी होते का?” अधिकाऱ्यांनी पुरसोंना विचारले.

“मी एकटाच असायचो.”

कर्मचाऱ्याने पेन टेकवले. पुढचे नाव घेण्यासाठी त्याने यादी उचलली, तेव्हा वाड्याच्या बाजूने मथुराकाकी उठल्या. त्यांचे नाव यादीत नव्हते. माईकपाशी यायला त्यांना वेळ लागला. माईक त्यांनी हातात घेतला नाही, त्याच्याकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

“कळशी माजी,” त्या म्हणाल्या.

अधिकाऱ्यांनी पुन्हा सांगायला लावले.

“हो पुरसो शिगमो जाल्यार दर वर्सा येवन माजी कळशी व्हरता. घड्याळ माका कळना. पण खाण चालताना मी कळशी लावायची, घरा जायची, तांदूळ धुवन परत यायची, तरी ती भरलेली नसायची. खाण बंद झाली, मागीर कळशी सोडून घरा जावपाक मेळना. तितल्यान भरून व्हांवता.”

सल्लागार खाली बसले. अधिकाऱ्यांनी कर्मचाऱ्याला खूण केली. तो लिहू लागला. मथुराकाकी हलल्या नाहीत.

“बाय, झालं. बसा आता,” कर्मचारी म्हणाला.

“काय बरयलंस तें वाच.”

“शेवटी सगळं एकत्र वाचून दाखवतात.”

“आता वाच. वयल्यान सकयल मेरेन.”

वरपासून खालपर्यंत. त्याने वाचले. पुरसोंची नोकरी आली, वही आली, मागणी आली, आणि श्रीमती मथुरा यांनी दुजोरा दिला असे आले.

“आनी तांदूळ?”

त्याने ते वाक्य घातले आणि पुन्हा वाचले. मथुराकाकींनी मान हलवली.

परवानगीचा निर्णय मी हे लिहीपर्यंत झालेला नाही. मूळ पत्र मी देवळातल्या बैठकीच्या दुसऱ्याच दिवशी फाइलमध्ये परत ठेवले आणि संपादकांना सांगितले. ते म्हणाले, “ठेवलंत ना? मग ठीक.” दोन महिन्यांनी मी निवृत्त झाले. पुरसोंचे खालचे तीन परिच्छेद आमच्या अंकात कधीच छापले गेले नाहीत. मी ते छापले नाहीत, असे लिहायला हवे.

सुनावणीच्या दिवशी मंडपात मी शेवटपर्यंत थांबले. माईकपासून मथुराकाकी परत निघाल्या तेव्हा त्यांच्या सुनेने मागच्या रांगेतली त्यांची जागा धरून ठेवली होती आणि हात वर करून बोलावत होती. काकींनी तिकडे पाहिले. मग पुढच्या रांगेत वळल्या आणि पुरसोंच्या शेजारच्या खुर्चीवर बसल्या.